पितळ कोणाचं, आठवण कोणाची?

जात पडताळणीसाठी १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. त्यामुळे आमच्यासारख्या वस्तीत काम करणाऱ्यांना लोकांच्या ट्रंका उघडाव्या लागतात. कोतवाल बुकाचा उतारा, शाळेचा दाखला, गिरणीचं तिकीट, जे सापडेल ते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरी आजींनी ट्रंक उघडली आणि कागदांच्या खालून एक काळपट तपकिरी चकती काढली. एका बाजूला इंग्रज राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आणि १९१४ व १९१८ हे आकडे. "आमच्या सासऱ्यांच्या वडलांचं हाय. पण खोटं हाय ते, बाळा. गावात पाटलाच्या घरी असलंच हाय, त्ये चांदीचं. आमचं पितळी. दोनदा मोडवाल्याकडं नेलं, त्यानं तोललं आणि पैसे सांगितले, तेवढ्यासाठी कुठं द्यायचं म्हणून परत आणलं."

ते पदक खोटं नाही. ते अगदी खरं आहे, आणि ते चांदीचं का नाही, याचं उत्तर इतिहासात स्पष्ट आहे. त्याच घरात तथागतांच्या मूर्तीसमोर एक पितळी फुलदाणी होती, उंच, सरळ, बुडाशी जाड कड असलेली. उलटी करून पाहिली तर बुडावर आकडे आणि अक्षरं ठोकलेली. ती फुलदाणी नव्हतीच. ती तोफेच्या गोळ्यामागची रिकामी पुंगळी होती, १८ पौंडी तोफेची. शंभर वर्षं त्या घराने तिच्यात फुलं ठेवली.

या दोन वस्तूंमुळे आम्ही हा लेख लिहायला बसलो. युद्धात वापरून झालेल्या धातूपासून आठवणीच्या वस्तू करण्याची चाल जगभर आहे आणि तिच्यावर भरपूर कौतुकाने लिहिलं जातं. "मृत्यूच्या हत्यारातून फुलं उगवली" असली वाक्यं त्यात हमखास असतात. आम्हाला त्या वाक्यांचा कंटाळा आहे. आमचा प्रश्न साधा आहे. पुंगळी वेचली कोणी, ठोकली कोणी, आणि तिच्यावर नाव कोणाचं आलं?

आधी तोफा, मग पुंगळ्या

सुरुवातीला पुंगळ्या नव्हत्या. जुन्या तोफेत दारू कापडी पिशवीतून भरायची, बंदुकीत कागदी काडतूस फाडून. त्यामुळे डाग उडाल्यावर मागे धातू उरत नसे. धातू होता तो तोफेत. जिंकलेला पक्ष हरलेल्याची तोफ वितळवायचा आणि आपल्या शिपायांच्या छातीवर लावायचा. ब्रिटिशांचं सर्वांत मोठं शौर्यपदक, व्हिक्टोरिया क्रॉस, १८५६ मध्ये सुरू झालं. सेव्हास्तोपोलला रशियनांकडून घेतलेल्या तोफांच्या धातूचं ते असतं, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. पुढे त्या तोफा तपासल्या तेव्हा त्या चिनी घडणीच्या निघाल्या. धातूची वंशावळसुद्धा अशी गोड करून सांगितली जाते. पण आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. १९११ पर्यंत हिंदी शिपायाला ते पदक मिळूच शकत नव्हतं. ५५ वर्षं! आमच्या माणसाने कितीही पराक्रम करावा, त्याच्या छातीसाठी तो धातू नव्हता.

आपल्या जवळचं उदाहरण ग्वाल्हेरचं. २९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार इथे शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. पकडलेल्या मराठी तोफा वितळवून कलकत्त्याच्या टाकसाळीत त्यांच्या सहा टोकांच्या चांदण्या ओतल्या आणि विजयी फौजेत वाटल्या. त्या फौजेत हिंदी शिपाई होतेच. म्हणजे ग्वाल्हेरच्या ओतशाळेत ज्यांनी तोफ ओतली तेही इथले, ती ओढणारे इथले, आणि तिची चांदणी मिरवणारे निम्मेअधिक तेही इथलेच. १८८० मध्ये काबूल ते कंदाहार असा जनरल रॉबर्ट्सचा गाजलेला कूच झाला. कंदाहारला पकडलेल्या तोफांच्या धातूची चांदणी तेव्हा निघाली. ती रॉबर्ट्सच्या घोड्यालाही मिळाली. घोड्याचं नाव व्होनोलेल. त्याची कबर डब्लिनला आहे, दगडावर नाव आहे. त्या कूचात सुमारे १० हजार सैनिकांमागे ८ हजारांच्या आसपास बिनलढाऊ माणसं चालत होती: खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, डोल्या उचलणारे, संडास साफ करणारे. त्या ८ हजारांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला माहीत आहे का? घोड्याचं आता माहीत झालं.

या माणसांना आपल्या भाषेत एक शब्द आहे, बाजारबुणगे. पानिपतावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने पराभवाचं खापर त्यांच्यावर फोडलं आहे. इंग्रजी दप्तरात त्यांना 'फॉलोअर' म्हणत, मागून येणारे. शब्द सभ्य, अर्थ तोच.

काडतूस आणि लोटा

पितळी पुंगळी येण्याआधीची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण काडतूस आणि जात यांची गाठ तिच्यात पडते. जानेवारी १८५७, कलकत्त्याजवळचं दमदम. तिथल्या दारूगोळ्याच्या कोठारात काम करणाऱ्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायाने जात काढली. खलाशी म्हणाला, थोड्याच दिवसांत तुम्हाला गाय-डुकराच्या चरबीचं काडतूस दाताने तोडायचं आहे, तेव्हा तुमची जात कुठे राहील? हे इंग्रज अधिकाऱ्याच्या तेव्हाच्या अहवालात नोंदलेलं आहे. खलाशाचं नाव त्यात नाही. 'खालच्या जातीचा' एवढंच. उत्तर भारतातल्या दलित लोकपरंपरेने त्याला मातादीन हे नाव दिलं, मातादीन भंगी म्हणून त्याच्या जयंत्या होतात, पुस्तिका निघतात. शाळेच्या पुस्तकात मंगल पांडे असतो, चरबी असते, पाणी मागणारा माणूस एका ओळीत येतो किंवा येतच नाही. काडतूस बनवायला त्याचे हात चालत होते. पण शेजारी ठेवलेल्या पितळी लोट्याला ते चालत नव्हते.

आमच्या मते भारतातल्या धातूचा सगळा इतिहास या प्रसंगात आहे. मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळाला फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून देतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जळाला, पण गावांनी तो पाठ केलेला होता. बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन'मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झाणू गावची हकिगत दिली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य बायका धातूच्या घागरी घेऊन पाण्याला जाऊ लागल्या. मातीच्या मडक्याऐवजी धातूची घागर, एवढाच अपराध. सवर्णांनी त्यांना मारहाण केली.

ही तारीख लक्षात ठेवा. १९३५. म्हणजे पहिलं महायुद्ध संपून १७ वर्षं झाली होती. त्या युद्धात याच समाजातल्या पुरुषांनी टनावारी पितळ खांद्यावरून वाहिलं होतं. छावणीत पितळी बक्कल, पितळी बटणं, पितळी बिल्ला अंगावर घालायची त्यांना सक्ती होती, ती घासून चकचकीत केली नाहीत तर शिक्षा होती. आणि गावात त्यांच्या बायकांच्या डोक्यावर धातूची घागर चालत नव्हती.

खंदकातली कारागिरी

१८६० नंतर बंदुकीची काडतुसं पितळी झाली, मग तोफांची. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे याच बदलाच्या काळातला. काडतुसाचं पितळ ठरलेलं असतं: ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. हे मिश्रण ताणलं तरी फाटत नाही. बार उडाला की पुंगळी फुगून नळीला घट्ट बसते, धूर मागे येऊ देत नाही आणि लगेच थोडी आवळून सुटी होते. जो गुण गोळी मारायला उपयोगी, तोच गुण फुलदाणी ठोकायलाही उपयोगी. पुण्याच्या तांबट आळीतला कोणताही कारागीर हे तुम्हाला जास्त नीट सांगेल.

१९१४ ते १९१८ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या रणभूमीवर या पुंगळ्यांचा खच पडला. १९१६ च्या सोमच्या लढाईआधी आठवडाभरात एकट्या ब्रिटिशांनी १५ लाखांवर गोळे डागले. १८ पौंडी तोफेची प्रत्येक पुंगळी फूटभर उंचीची. पितळ महाग होतं, म्हणून त्या गोळा करून कारखान्यात परत पाठवायच्या, पुन्हा भरायच्या. किती वेळा भरली त्याच्या खुणा बुडावर ठोकत. कायद्याने ती सरकारी मालमत्ता. तरी हजारो पुंगळ्या वाटेत गळत आणि त्यांच्या फुलदाण्या, राखदाण्या, पत्रं फाडायच्या सुऱ्या, तंबाखूचे डबे, घंटा होत. याला पुढे खंदककला असं नाव पडलं. नाव फसवं आहे. गोळ्यांच्या माऱ्यात बसून कोणी नक्षी करत नाही. ते काम मागच्या तळांवर, दुरुस्तीच्या भात्यांवर, युद्धकैद्यांच्या छावण्यांत आणि मजूर पलटणींत चाले.

काम असं. ठोकून ठोकून पितळ कडक होतं आणि तडकतं, म्हणून पुंगळी आधी लाल होईस्तोवर तापवून मऊ करायची. मग आत राळ, वाळू किंवा शिसं भरायचं, म्हणजे हातोडीने नुसता खड्डा पडत नाही, नक्षी उठते. खिळ्याने, तुटक्या छिन्नीने पानंफुलं, गावाचं नाव, साल. कंबर आवळायची असेल तर पुन्हा तापवायची. आणि मग घासत बसायचं. लढाईतला बराच वेळ वाट बघण्यात जातो, त्यामुळे घासायला वेळ असे.

सर्वांत देखण्या पुंगळ्यांपैकी कित्येक चिनी मजुरांनी केलेल्या आहेत. ब्रिटिश आणि फ्रेंचांनी मिळून सुमारे १ लाख ४० हजार चिनी मजूर युरोपात नेले होते. त्यांनी पुंगळ्यांवर आपले ड्रॅगन कोरले, बांबू कोरले. बेल्जियममध्ये त्या आज संग्रहालयात आहेत. युद्ध संपल्यावर गोरे शिपाई घरी गेले. न फुटलेले गोळे, तारा, प्रेतं आवरायला हे मजूर मागे ठेवले. नंतर जी चकती त्यांना मिळाली, तिच्या कडेवर नाव नाही. नुसता नंबर. पुंगळीवर ड्रॅगन कोरणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाव त्याच्या पदकावर कोरायला सरकारला जागा सापडली नाही.

हिंदुस्थानातूनही १९१७ मध्ये मजूर पलटणी फ्रान्सला गेल्या, सुमारे ५० हजार माणसं. नागा, लुशाई, खासी, संथाळ, ओरांव, संयुक्त प्रांतातले गरीब. बहुतेक आदिवासी आणि खालच्या मानलेल्या जातींचे. लाकूड तोडायचं, रस्ते करायचे, भंगार वेचायचं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, याहून कितीतरी जास्त गेले. सरकारी हिशेब असा की १९१९ अखेर हिंदुस्थानातून सुमारे ८ लाख ७७ हजार लढाऊ आणि ५ लाख ६३ हजार बिनलढाऊ भरती झाले. या ५ लाख ६३ हजारांना आम्ही आमचे पूर्वज मानतो, मग ते कोणत्याही प्रांतातले असोत.

डबा, चकती आणि दगड

१९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने प्रत्येक सैनिकाला एक पितळी डबी भेट द्यायची ठरली. झाकणावर तिचा चेहरा. सिगारेटी, तंबाखू, पेन्सिल, फोटो. ही डबी आज जगभरचे संग्राहक जपतात. पितळाची इतकी टंचाई होती की काडतूस की डबी असा प्रश्न पडे. अमेरिकेहून डब्यांसाठी येणाऱ्या पितळी पट्ट्यांचा मोठा साठा मे १९१५ मध्ये 'लुसिटानिया' जहाजाबरोबर बुडाला. एवढा खटाटोप. पण हिंदी फौजेसाठी काय, याची यादी वाचण्यासारखी आहे. शिखांना खडीसाखर आणि मसाले, इतर हिंदी शिपायांना सिगारेटी, साखर, मसाले. आणि 'भिस्ती' या एका शब्दात कोंबलेल्या सगळ्या पाणक्या, सफाईवाल्या, स्वयंपाक्यांना मसाल्याची टिनाची डबी आणि शुभेच्छांचं कार्ड. भेटीतही पायऱ्या होत्या. आणि त्या पायऱ्या आपल्या ओळखीच्या आहेत.

आता आजींच्या ट्रंकेकडे. युद्ध संपल्यावर ब्रिटनने युद्धपदक काढलं. सुमारे ६५ लाख पदकं चांदीची. त्याच साच्यातून, त्याच राजाच्या तोंडाची, आणखी सुमारे १ लाख १० हजार पदकं कांस्याची ओतली गेली. ती चिनी, माल्टी, हिंदी आणि इतर मजूर पलटणींसाठी आणि तत्सम बिनलढाऊंसाठी. साचा एक, धातू दोन. लढणारा चांदीचा, वाहणारा कांस्याचा. पाटलाच्या घरचं चांदीचं आणि आजींच्या घरचं 'पितळी', याचा अर्थ इतकाच. खोटं पदक नव्हे, खालचं पदक. बाबासाहेब जातीविषयी सांगत आले की ती केवळ श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच एकावर एक रचलेली विभागणी आहे. इथे तर टाकसाळीने ती विभागणी धातूत ओतून दाखवली.

जानेवारी १९१५ मध्ये सुखा नावाचा एक सफाई कामगार इंग्लंडच्या इस्पितळात वारला. हकिगत अशी सांगितली जाते की तो अस्पृश्य म्हणून हिंदूंच्या दहनभूमीवर त्याला घेईनात आणि तो मुसलमान नाही म्हणून कबरस्तानात घेईनात. शेवटी ब्रोकनहर्स्ट गावच्या पाद्र्याने त्याला आपल्या चर्चच्या आवारात पुरलं आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. त्या दगडावर त्याचं नाव आहे. परदेशात मेल्यावर जी जागा परक्यांनी दिली ती आपल्यांनी नाकारली होती. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो म्हणणाऱ्यांची जात मात्र समुद्र ओलांडून सुखरूप इंग्लंडला पोचली होती.

पण परक्यांचं कौतुक इथेच थांबवू या. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, साध्या हिंदी शिपायांची संख्या आहे. नुसती संख्या. साताऱ्यात, कोकणात गावोगाव संगमरवरी पाट्या दिसतात: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत. बहुतेक पाट्यांवर नाव एकही नाही. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबरी आयोगाच्या चौकशी समितीनेच कबूल केलं की आफ्रिका-आशियातल्या ४५ ते ५४ हजार मृतांची नोंद गोऱ्यांच्या बरोबरीने केली गेली नाही, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावानिशी किंवा कुठलीच आठवण ठेवली गेली नाही. पितळ कमी पडलं म्हणून नाही.

आपल्यातल्या काहींशी थोडं भांडण

इथे आम्हाला आपल्याच चळवळीतल्या मित्रांशी दोन शब्द बोलायचे आहेत. दरवर्षी १ जानेवारीला कोरेगाव भीमाला आपण जातो. त्या स्तंभावर २२ नावं 'नाक' प्रत्ययाची आहेत. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले, ते त्या नावांसाठी. नाव हाच तिथला मुद्दा आहे. गावाने ज्यांना नावाने हाक मारली नाही त्यांची नावं दगडावर आली. हे मोठंच आहे, आणि ते नाकारणाऱ्यांशी आम्ही आयुष्यभर भांडू.

पण त्यावरून इंग्रजी फौज म्हणजे समतेचं माहेरघर, असं जे सरसकट लिहिलं जातं ते आम्हाला पटत नाही. ज्या फौजेने स्तंभ उभारला त्याच फौजेने १८९२ च्या सुमारास 'लढाऊ वंश' नावाचं खूळ काढून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेला भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. उपयोग झाला नाही. मग १९१७ मध्ये माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर काही वर्षांतच मोडली. मोडली हाच शब्द बरोबर आहे. पुंगळीसारखी. वापरली, गोळा केली, मोडीत काढली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला, दुसरं महायुद्ध यावं लागलं आणि बाबासाहेबांना पाठपुरावा करावा लागला. त्या रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यात आधी दोन मशीनगनांबरोबर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभ काढून तिथे खंजीर आला. ज्यांच्याकडे तो जुना स्तंभाचा बिल्ला आहे त्यांनी तो जपावा, तेही आपलं दप्तर आहे.

शौर्य मिरवायला हरकत नाही. पण चांदीचं पदक मिरवताना कांस्याचं पदक लपवायचं, सुभेदाराचा फोटो भिंतीवर लावायचा आणि खेचर हाकणाऱ्या, मैला उचलणाऱ्या आजोबांविषयी गप्प बसायचं, ही सवय आपल्यातही आहे. तीच चांदी-कांस्याची उतरंड आपण आपल्या घरात मांडतो. आजींना ते पदक खोटं का वाटलं? कोणी तरी त्यांना तसं वाटू दिलं म्हणून.

आजही वेचणारे तेच

सारायेव्होला १९९२ ते १९९६ वेढा पडला होता. तिथल्या जुन्या बाजारातले तांबट आजही गोळ्यांच्या पुंगळ्यांवर नक्षी काढतात, गोळीचं पेन करून पर्यटकांना विकतात. तिथे निदान एक गोष्ट आहे: ज्यांच्यावर गोळे पडले त्यांच्याच हातात ते पितळ आहे आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात. पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमच्या उजाड गावांतल्या लोकांनीही असंच पोट भरलं. मेलेल्यांच्या विधवा, आया रणभूमी पाहायला येत, फुलदाणी विकत घेऊन जात. ज्यांना कबर सापडली नाही त्यांच्या घरी ती पुंगळीच कबर झाली.

आपल्याकडे पुंगळी सैन्याची असते, चांदमारीनंतर ती मोजून परत करायची असते, ते योग्यच आहे. मेसमध्ये तिचे चषक होतात, निवृत्तीला लाकडी ठोकळ्यावर बसवून देतात. पण सरावाच्या मैदानांवर जे तुकडे विखुरतात ते वेचायला आजूबाजूच्या गावांतली माणसं जीव धोक्यात घालून शिरतात, आणि न फुटलेला गोळा हातात फुटल्याच्या बातम्या नगरजवळच्या के. के. रेंजपासून देशभरातून येत राहतात. बातमीत त्यांना 'भंगार चोर' म्हणतात. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा माणसं गेली. मेलेल्यांत आसपासच्या खेड्यांतले कंत्राटी मजूर होते, पेट्या उतरवायला रोजंदारीवर आणलेले. त्यांना ना चांदी ना कांस्य. शत्रूशी लढताना मेलं तर हुतात्मा. त्याच दारूगोळ्याच्या पेट्या उचलताना मेलं तर कंत्राटदाराचा माणूस. शंभर वर्षांपूर्वीचा 'फॉलोअर' हा शब्द बदलून आज 'कंत्राटी' झाला आहे.

आमचं म्हणणं असं की या माणसांची नावं पुलगावच्या आवारात लागली पाहिजेत, आणि ती लावायला धातू हवा असेल तर तो तिथेच आहे. त्याच दारूगोळ्याच्या पितळाची पाटी ओता. स्मृतिचिन्हं करायला आपल्याला कारागीर कमी नाहीत.

आजींच्या पदकाची कड आम्ही भिंगाखाली पाहिली. एक नंबर आहे, एक हुद्दा आहे, आणि चिनी मजुरांना जे मिळालं नाही ते आहे: नाव. शेवटची दोन अक्षरं झिजली आहेत. कुटुंबाची इच्छा नसल्याने ते इथे देत नाही. पडताळणीच्या कामी ते पदक उपयोगाचं नाही, त्यावर जात लिहिलेली नाही. नातवाने नंबर वहीत उतरवून घेतला आहे आणि दप्तरखान्यात अर्ज कसा करायचा ते आम्ही त्याला दाखवलं आहे. फुलदाणी होती तिथेच आहे.

तुमच्या घरी असं काही असेल तर मोडवाल्याकडे नेण्याआधी कड पाहा. आणि कृपा करून ते चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. दिवाळी-जयंतीला घासून घासूनच आजींच्या पदकावरची ती दोन अक्षरं गेली आहेत. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, तिरप्या उजेडात कडेचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि आम्हाला पाठवा.